मदत हवी आहे: आंबा मेळाव्यातल्या जुन्या भाषणांचा ऑनलाइन संग्रह कसा लावावा?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस सरला की, मोहोर यायच्या आधी, आंबा बागायतदारांचा दोन दिवसांचा मेळावा भरतो. माझे वडील दरवर्षी टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. ते गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ७४ कॅसेट सापडल्या. त्यातली बरीचशी माणसं आता नाहीत. त्यांनी फवारणीपासून दलालापर्यंत जे जे सांगितलंय ते कुठे लिहिलेलंही नाही. ते सगळ्यांना घरबसल्या ऐकता यावं, अशी मेळाव्याच्या मंडळींची इच्छा आहे आणि काम माझ्याकडे आलंय.

आपल्या दमट हवेत ११ कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आली आहे. त्या वाजवल्या नाहीत, कारण ती बुरशी डेकमधून पुढच्या कॅसेटला लागते. बाकीच्या ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइलमध्ये उतरवतोय. तासाला अर्धा जीबी जागा जाते. इथवर ठीक आहे, अडलंय ते पुढे.

निम्म्या कॅसेटवर नुसतं ‘मेळावा, दुसरा दिवस’ एवढंच लिहिलंय. मग ऐकून साल शोधायचं. एका भाषणात सिंधु जातीच्या कलमांची चर्चा आहे. कृषी विद्यापीठाची ही जात १९९२ ची. त्याच भाषणात वक्ता म्हणतो की रेल्वे अजून सुरू व्हायची आहे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली २६ जानेवारी १९९८ ला. म्हणजे भाषण या दोहोंच्या मधलं. पण यादीत लिहू काय? अंदाजाने १९९५ टाकलं तर दहा वर्षांनी तेच खरं धरलं जाईल, याची मला फार धास्ती वाटते.

वक्त्यांचं त्याहून अवघड. निवेदक म्हणतो, “आता आपले अण्णा बोलतील.” आमच्या पंचक्रोशीत तीन अण्णा होते! आंबापोळी आणि आमरसाच्या डबाबंदीवर बोलणाऱ्या एक ताई एका वर्षी माहेरच्या आडनावाने आहेत, पुढे सासरच्या. दोन वेगळ्या बायका समजून त्यांचं काम विभागलं जाऊ नये.

विषयांचीही तीच गत. फळ आतून पांढरट, स्पंजासारखं खराब होतं, त्याला बागायतदार ‘साका’ म्हणतो, शास्त्रज्ञ ‘स्पंजी टिश्यू’. मोहोर लवकर यावा म्हणून झाडाला देतात त्या औषधाला एकजण ‘कल्टार’ म्हणतो, दुसरा ‘पॅक्लोब्युट्राझोल’. शोधणाऱ्याने काहीही टाकलं तरी सगळी भाषणं मिळायला हवीत. आणि हयात नसलेल्यांची परवानगी कोणाची घ्यायची?

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, मी ग्रंथालयात काम करते. फाइलच्या नावात माणूस, विषय, साल काहीच घालू नका, फक्त क्रमांक द्या. आज अण्णा म्हणून नाव दिलंत आणि उद्या ते दुसरेच निघाले, तर नाव बदलताना सगळे दुवे तुटतील. प्रत्येक वक्त्यालाही स्वतंत्र क्रमांक द्या आणि त्याखाली त्याची सगळी नावं ठेवा: टोपणनाव, माहेरचं, सासरचं, वाडी. अनोळखी आवाजालासुद्धा क्रमांक द्या. ओळख पटली की नाव भरायचं.

सालासाठी तीन रकाने करा: ‘याआधी नाही’, ‘यानंतर नाही’ आणि ‘कशावरून’. तुमचं सिंधु आणि रेल्वेचं कारण तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं लिहा. पुढच्या माणसाला ते तपासता येईल. विषयाला एक मुख्य शब्द ठरवा. मी ‘साका’च ठेवीन, कारण ऐकणारे बागायतदार आहेत. बाकीचे शब्द त्याला जोडा.

परवानगीबद्दल: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला मालक सहसा भाषण करणाराच असतो, रेकॉर्ड करणारा नाही. वक्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून वारसांची लेखी संमती घ्या. तोवर ऑनलाइन नुसती यादी टाका. कोण कशावर बोललं एवढं समजलं तरी लोक आपणहून संपर्क करतील.

बुरशीच्या कॅसेट सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. उतरवलेल्या फाइलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक कोकणाबाहेर असू दे. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पुराने काय केलं ते आपण पाहिलंय.

प्रतिसाद २

माका वाटता, पयले ते आवाज जुन्या माणसांका ऐकवा. कॅसेट बघून कोणाक कळाचा नाय, पण आवाज ऐकलो काय आमच्या वयाची माणसा लगेच सांगतली, खयच्या वाडीतलो तो.

धागाकर्ता

ताई, तीन रकाने आजच केले, फार मोठा घोळ मिटला. काका, तुमचं अगदी पटलं. प्रत्येक अनोळखी आवाजाचे दोन मिनिटांचे तुकडे करून मोबाइलवर घेतो आणि दिवाळीत मुंबईकर घरी आले की वाडीवाडीत फिरतो.

एक प्रश्न राहिला. भाषणानंतरची प्रश्नोत्तरं वेगळी नोंदवू का? कित्येकदा खरी माहिती विचारणाऱ्याच्या तोंडून आली आहे आणि त्याचं नाव कोणी घेतलेलंच नाही. त्या माणसांनाही वक्त्यांचा क्रमांक द्यावा असं मला वाटतं. तुम्ही काय केलं असतं?