हँडफास्टिंगच्या फितीचा रंग पैठणीला लागला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न परवा स्कॉटलंडमध्ये लॉख लोमंडच्या काठावर झालं. नवरी तिथलीच. हँडफास्टिंगमध्ये दोघांचे हात फितींनी बांधून गाठ मारतात, आपल्या उपरण्याच्या गाठीची चुलत बहीणच म्हणा. एक फीत टार्टनची (स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची), दुसरी आईने हौसेने दिलेली लाल सुती. ऐन शपथेला पाऊस कोसळला, छत्र्या उलट्या झाल्या आणि लाल रंग ओघळून नवरीच्या मोतिया पैठणीच्या पदरावर, पार मोरांपर्यंत उतरला!

कायद्याचं ठीक आहे. तिथे नुसत्या गाठीने लग्न लागत नाही, सह्या केलेलं मॅरेज शेड्यूल (लग्नाचा सरकारी कागद) ३ दिवसांत रजिस्ट्रारकडे द्यावं लागतं. ते पिशवीत होतं म्हणून वाचलं, आणि दिलंही.

पैठणीला अजून पाणी लावलेलं नाही. इथला ड्रायक्लीनवाला जरीला हात लावायला तयार नाही. रेशमावरचा असा डाग कोणी काढून घेतलाय का? पुण्यात किंवा येवल्यात खात्रीचं कोणी? घरगुती प्रयोग कृपया स्वतः केलेलेच सांगा.

आणि दोघांना ती फितींची गाठ न सोडवता तशीच फ्रेम करायची आहे. आतून ओलसर आहे, कुबट वास येतोय. कशी वाळवावी?