'चाय' लिहिलेली पाटी शोधा

'शाकाहारी माणसाने व्हिएतनामी हॉटेलच्या वाटेला जाऊच नये' असं काही जण म्हणतात, कारण तिथे जवळजवळ सगळ्यात फिश सॉस (माशांपासून केलेला खारट सॉस) असतो; हे मत मला पटत नाही. फिश सॉसबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. नुसत्या भाज्या घातलेल्या फोचं, म्हणजे नूडल्सच्या सूपचं, पाणीसुद्धा बहुतेकदा हाडं उकळूनच केलेलं असतं, आणि रोलसोबतच्या आंबटगोड चटणीत फिश सॉस असतोच. म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'तोय आन चाय' म्हणायचं, म्हणजे मी शाकाहारी आहे. यातला 'चाय' म्हणजे शाकाहारी; उच्चार जवळजवळ आपल्या हिंदी चायसारखा, पाटीवर अक्षरं सी, एच, ए, वाय.

२०१९ मध्ये आईला घेऊन व्हिएतनाममधल्या सायगावला गेले होते. पहिले दोन दिवस ती बिचारी केळी आणि पावावर होती. मग गल्लीतलं एक 'चाय' हॉटेल सापडलं. प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, स्टीलची टेबलं, भात आणि तीन भाज्या ४०,००० डोंगला, म्हणजे तेव्हाचे साधारण सव्वाशे रुपये. टोफू आणि लेमनग्रासची ती परतलेली भाजी आईला अजून आठवते! त्या दिवशी गर्दी एवढी का, तर पौर्णिमा होती. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, अगदी आपल्या एकादशीसारखा. बऱ्याच चाय स्वयंपाकघरांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींनी तर आवर्जून चौकशी करावी. अमेरिकेत सॅन होजेलाही अशी हॉटेलं आहेत.