रायझन ५ ३६०० प्रोसेसरसाठी वेगळा कूलर: नागपूरच्या उन्हाळ्यात कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

नागपूरकर:
माझ्या संगणकात रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर असून त्याच्या खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ कूलर गेली चार वर्षे वापरात आहे. हिवाळ्यात काहीच तक्रार नसते. परंतु सध्या खोलीचे तापमान ३९ अंश असताना ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा तास रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) चालविले की प्रोसेसर ९३ अंशांपर्यंत जातो आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. दुकानदाराने २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर (द्रवातून उष्णता वाहून नेणारा) सुचविला. त्याची किंमत मला डोईजड वाटते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची १६० मिलिमीटर दिली आहे. केवळ पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या एअर कूलरवर भागेल काय? आणि मदरबोर्ड बाहेर न काढता तो बसविता येईल काय?

थंड डोके:
भागेल, आणि चांगले भागेल. या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉट छापलेले असले तरी सर्व कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारे भाग) कामाला लागल्यावर त्याला ८८ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. रेथ स्टेल्थ म्हणजे हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) नसलेला ॲल्युमिनियमचा बसका ठोकळा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तो धापा टाकणारच. ९५ अंश ही या प्रोसेसरची मर्यादा असून तेथे पोहोचल्यावर तो स्वतःहून वेग कमी करतो, म्हणजे आपण अगदी काठावर आहात.

लिक्विड कूलरही उष्णता अखेर त्याच ३९ अंशांच्या हवेत सोडतो, खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. शिवाय ३६००चे सर्व कोअर सुमारे ७४ चौरस मिलिमीटरच्या एका लहानशा चिपमध्ये दाटलेले असल्यामुळे खरी अडचण त्या चिपमधून उष्णता बाहेर काढण्याची आहे, आणि ती मोठ्या रेडिएटरने फारशी सुटत नाही. चार हीट पाइपांचा व १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर (उभ्या रचनेचा एअर कूलर) पुरेसा आहे. डीपकूलचा एके४०० १५५ मिलिमीटर उंच असल्याने आपल्या कॅबिनेटमध्ये मावेल. नॉक्टुआचा एनएच-डी१५ मात्र १६५ मिलिमीटरचा असल्याने झाकण लागणार नाही.

पैसे मोजण्यापूर्वी कॅबिनेटची बाजूची काच काढून तेच रेंडर चालवून पाहा. तापमान बरेच उतरले, तर दोष कूलरइतकाच हवा खेळण्याचाही आहे.

पेचकस:
बसविण्याविषयी लिहितो, कारण या कामात जुना कूलर काढतानाच अधिक नुकसान होते. आपल्या ३६००सारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खालच्या बाजूस पिना असतात आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधील वाळलेली उष्णतावाहक पेस्ट इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढल्यास सॉकेटची कळ बंद असूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. (पिना सरळ करण्यात माझी एक रात्र गेली आहे.) म्हणून आधी दहा मिनिटे रेंडर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, संगणक बंद करून वायर काढा, स्क्रू सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून सुटल्यावरच उचला.

रेथ स्टेल्थचे चार स्क्रू थेट मदरबोर्डामागच्या बॅकप्लेटमध्ये (आधाराच्या पट्टीत) जातात, त्यामुळे ते निघताच बॅकप्लेट मागे गळून पडते. कॅबिनेट उभे ठेवून मदरबोर्डामागे कॅबिनेटच्या पत्र्यात असलेल्या खिडकीतून तिला हाताने धरा. अशी खिडकी असेल तर मदरबोर्ड काढावा लागत नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ३६००मध्ये कोअरची चिप मधोमध नसून एका कोपऱ्याकडे असते, म्हणून मध्यभागी एकच थेंब न टाकता पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पोहोचेल असे पाहा. नव्या कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक आठवणीने काढा, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळा आणि हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल असा पंखा लावा.

नागपूरकर:
काच काढल्यावर तापमान ८७ अंशांवर आले, म्हणून समोरची धुळीने भरलेली जाळी आधी साफ केली आणि काल एके४०० बसविला. आज दुपारी त्याच खोलीत तेच रेंडर ७७ अंशांवर स्थिरावले आणि पंख्याचा आवाज छताच्या पंख्याखाली दबला. बॅकप्लेट मात्र इशारा वाचूनही पडलीच. शेवटी ती चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवली.