मदत हवी आहे : ज्येष्ठांना मोबाइल शिकवताना वहीत लिहिलेल्या पायऱ्या निरुपयोगी ठरतात

नमस्कार,

इंदूरच्या रामबागेत आम्ही काही जण रविवारी सकाळी आसपासच्या ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवतो. येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आणि निवृत्तिवेतनधारक आहेत. व्हिडिओ कॉल व फोटो पाठवणे त्यांना लवकर जमते, त्यामुळे त्याविषयी काही विचारायचे नाही.

अडचण पैशांच्या आणि सरकारी कामांची आहे. प्रत्येक पायरी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतात आणि घरी पाठ करतात. पण अ‍ॅपची नवी आवृत्ती येऊन एखादे बटण जागचे हलले किंवा मध्येच जाहिरातीची चौकट उघडली, की वहीतली पुढची पायरी पडद्यावर सापडत नाही आणि फोन नातवाच्या हाती जातो. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचेच पाहा. बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय फार उपयोगी आहे, परंतु तिला ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन अ‍ॅप लागतात. त्यांपैकी दुसरे आपण उघडायचे नसून पहिलेच ते कामाला लावते, ही गोष्ट पाठांतराने कशी कळावी? नोव्हेंबरमध्ये सगळ्यांचीच घाई असते आणि ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांची सोय तर 1 ऑक्टोबरपासूनच सुरू होते.

वही बंद करावी असे मला वाटत नाही. लिहून घेतल्याशिवाय या मंडळींना शिकल्याचे समाधानच मिळत नाही. मग वहीत लिहायचे तरी काय? शिवाय फोनची भाषा मराठी ठेवावी की हिंदी? मराठी त्यांना वाचायला सोपी जाते, पण बँकेत किंवा मोबाइलच्या दुकानात मदत मागितली, तर समोरच्याला ती समजत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार ताई. वही राहू द्या, मात्र तिच्यात बटणाची जागा किंवा रंग लिहू देऊ नका. पडदा काय विचारतो आहे, तेवढेच लिहायला सांगा. पैसे पाठवताना कोणाला, किती, कोणत्या खात्यातून आणि शेवटी पिन, हे प्रश्न पडदा बदलला तरी बहुधा तेच राहतात. सरावासाठी दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना एक रुपया पाठवावा. त्याच वेळी हेही लिहून घ्या, की यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे. भाषेबद्दल म्हणाल तर फोन मराठीतच ठेवा. बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्ये भाषा स्वतंत्रपणे निवडता येते, तिथे हिंदी चालेल. हयातीच्या दाखल्याचा सराव मात्र वर्गात सगळ्यांकडून करून घेत बसू नका. वर्षातून एकदाच येणारे काम आहे, तेव्हा त्या दिवशी शेजारी बसून मदत केलेली बरी.