रात्रीच्या स्ट्रायपरसाठी लाइन

दादा, न्यू जर्सीतल्या सँडी हूकच्या किनाऱ्यावर रात्री गळाने स्ट्रायपर (अंगावर पट्टे असलेला बास मासा) धरायला रिळावर साधा तंगूस (नायलॉनचा एकसंध धागा) भरू की ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली लाइन), असं तुम्ही विचारलंत. माझं मत ब्रेडेडच, 30 पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. अंधारात सगळं बोटांवर चालतं. तंगूस ताणतो, त्यामुळे लांबवरची चाहूल मध्येच विरते. ब्रेडेड जवळपास ताणतच नाही, माशाने नुसतं तोंड लावलं तरी मुठीत टक् जाणवतं.

मात्र वाऱ्यात सैल पडलेल्या ब्रेडेडची रिळावर गाठ बसते आणि काळोखात ती सुटता सुटत नाही. म्हणून दर फेकीनंतर रिळाची तार (लाइन सुटू न देणारी कमान) हाताने बंद करा, लाइन दोन बोटांत धरून एकदा ताणा आणि मगच गुंडाळा. गेल्या ऑक्टोबरात हेच विसरलो आणि ऐन भरतीत अर्धं रीळ कापून टाकावं लागलं. अजून जिवाला लागतं ते.

रंगाची चिंता नको. पांढरी किंवा पिवळी घ्या, हेडलॅम्पच्या उजेडात गाठ मारताना दिसते. माशापाशी तीनेक फूट जाड तंगुसाचा लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला तुकडा) असतोच, 40 ते 50 पाउंडी. तो टाळू नका; जेटीच्या (समुद्रात गेलेल्या दगडी बांधाच्या) शिंपल्या चिकटलेल्या खडकांना ताणलेली ब्रेडेड घासली की तुटलीच. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापा.

आणि फार बारीक लाइनच्या मोहात पडू नका. नियमाच्या मापात न बसणारा मासा सोडावाच लागतो, आणि बारीक लाइनवर तासभर खेळवून दमवलेला स्ट्रायपर सोडल्यावर जगेलच असं नाही.