कॅन्सरची पॉलिसी, उपचार आणि घरखर्च : तुमचे अनुभव लिहा

शेंगाचटणी :
काल रात्री भाच्याला सोडायला सोलापूर स्टेशनवर गेले होते. मुंबईची सिद्धेश्वर एक्सप्रेस लागली होती. डब्याच्या दाराशी एक जोडपं उभं होतं. त्याच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, तिच्या डोक्याला गच्च बांधलेला सुती रुमाल, पायाशी डब्याची पिशवी. बघताक्षणी कळलं कुठं चाललेत, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला. २०१९ मध्ये आई आणि मी त्याच फलाटावर उभ्या असायचो, दर एकवीस दिवसांनी. घरी आले, झोपच लागली नाही, म्हणून लिहितेय.

आईला स्तनाचा कॅन्सर. दादांचे टॉवेलचे सहा लूम. घराचा मेडिक्लेम ३ लाखांचा, तो ऑपरेशनमध्येच संपला. पण आमच्या गल्लीतले एजंट काका तीन वर्षं मागे लागून लागून आईच्या नावे १० लाखांची वेगळी कॅन्सर पॉलिसी काढून गेले होते. दादा चिडायचे, "घरात बसून अभद्र बोलू नका." शेवटी काकांना किती वेळा परत पाठवायचं म्हणून सही केली.

या पॉलिसीत दवाखान्याची बिलं लागत नाहीत हे मला तेव्हा कळलं. बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांचा फॉर्म, केवायसी, एवढंच दिलं आणि दीड महिन्यात सगळी रक्कम आईच्या खात्यात. मेडिक्लेम दवाखान्याचा खर्च देतो. ही निदान झाल्यावर ठरलेली रक्कम हातात देते, मग तुम्ही ती कशालाही वापरा. आम्ही परळला खोली घेतली, धाकट्याची फी भरली, कामगारांचा पगार एकाही आठवड्याला चुकला नाही. दोन लूम विकायचे ठरले होते. गिऱ्हाईक येऊन मशीन बघून गेलं होतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि दादांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला, "राहू द्या, चालू मशीन आहे आमची." मग बराच वेळ लूमच्या आवाजात तसेच बसून राहिले.

आई आज ठणठणीत आहे. तुमच्याकडे कसं झालं? पॉलिसी नव्हती तर कसं निभावलं, तेही लिहा.

अशोक चौक :
वाचून डोळे भरले ताई. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

जुळे सोलापूरकर :
माझ्या मिसेसचं अगदी पहिल्या पायरीवर सापडलं. २० लाखांची पॉलिसी होती, मिळाले ५ लाख. सुरुवातीची स्टेज असली तर २५ टक्केच देतात, पुढची असली तर १००. मी एजंटवर खूप ओरडलो, नंतर माफी मागितली, कारण कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "साहेब, २५ टक्के मिळाले यातच आनंद माना." उरलेलं कव्हर चालू आहे आणि तीन वर्षांचे हप्ते माफ झाले. प्रत्येक पॉलिसीत हे वेगळं असतं, आपली काढून बघा.

शेंगाचटणी :
वहिनी आता कशा आहेत भाऊ?

जुळे सोलापूरकर :
एकदम छान. यंदा गड्ड्याच्या जत्रेत मला दमवलं तिने.

पूर्वभाग :
आमचं उलटं झालं, म्हणून सांगतो. आई विडी वळायची. तीस वर्षं सूप मांडीवर. आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री. आमच्या भागात तंबाखूला व्यसन कुणी म्हणतच नव्हतं ओ, दात घासणं म्हणायचे. फॉर्म भरताना माणसाने विचारलं, "तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "नाही बाबा, खात नाही." खरंच खात नव्हती ती, लावत होती. त्याने "नाही" वर टिक केली. मी शेजारीच बसलो होतो.

दीड वर्षाने गालाच्या आत पांढरा चट्टा, मग जखम. बायोप्सी पॉझिटिव्ह. क्लेम टाकला. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी एका ओळीत लिहिलं होतं, "मिश्री, ३० वर्षे". त्या ओळीवर क्लेम नामंजूर. पत्र इंग्रजीत आलं, मी तीनदा वाचलं आणि आईला सांगितलं की अजून तपासतायत. ती जाईपर्यंत हेच सांगत राहिलो.

हात जोडून सांगतो, मिश्री, मावा, तपकीर, विडी, सगळं सांगा. हप्ता वाढला तरी सांगा. फॉर्म दुसऱ्याला भरू देऊ नका.

विम्यात १४ वर्षं :
दादा, फार वाईट वाटलं. यात तुमच्या आईचा दोष नव्हता, प्रश्न नीट विचारायला हवा होता. आमच्याच लोकांची ही चूक मी खूपदा बघितलीय.

इतरांसाठी लिहून ठेवतो. क्लेम नाकारला की आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो. फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षभराच्या आत जायचं. लोक पत्र कपाटात ठेवून रडत बसतात आणि ते वर्ष निघून जातं.

दुसरं, पॉलिसी काढल्यावर पहिले काही महिने कॅन्सरचं कव्हर सुरू होत नाही. बऱ्याच पॉलिसींत १८० दिवस. गाठ लागली म्हणून धावत येणाऱ्यांना मी परत पाठवतो, आणि मला त्या रात्री जेवण जात नाही. हप्त्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

बार्शीची सून :
आमच्याकडे कसलीच पॉलिसी नव्हती. नणंदेच्या मिस्टरांना घशाचा. आमच्या बार्शीतच नर्गिस दत्त हॉस्पिटल असल्यामुळे ते दोघं आमच्याकडेच राहिले. सरकारच्या महात्मा फुले योजनेत झालं सगळं, रेडिएशनचा एक रुपया लागला नाही. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं, ते सगळं करून देतात.

पण मिस्टर मजुरीला जाणारे. ते खाटेवर आणि ती त्यांच्यापाशी, म्हणजे दोघांचीही मजुरी बंद. चार शेळ्या विकल्या, पाचवी गाभण होती म्हणून ठेवली. त्यांना गिळता येत नव्हतं, मी रोज नाचणीची आंबील गाळून द्यायचे, बारीक गाळणीने, तरी ठसका लागायचा. शेंगाचटणी ताईंनी लिहिलं तसे थोडे पैसे हातात असते तर नणंद रात्री माझ्या स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून रडली नसती.

अशोक चौक :
आले परत. आंबीलीत ताक घालायचा का ओ तुम्ही? माझ्या सासऱ्यांना ताक झोंबायचं.

बार्शीची सून :
नाही ताई, तोंड सोललेलं असतं. नुसतं दूध.

रात्रपाळी :
ड्युटीवर टाइप करूलालोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. रेल्वेचं कुणी सांगितलंच नाही. कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याकडून ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्या आणि खिडकीवर दाखवा. आम्ही पहिल्या चार फेऱ्या पूर्ण पैसे भरून गेलो, माहीतच नव्हतं. दादरला उतरलं की गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आम्ही तिथंच राहायचो. टाटाच्या पेशंटांना मोठा आधार आहे तो.

शेंगाचटणी :
ही माहिती त्या वर्षी मिळायला हवी होती दादा 🙏

देगाव नाका :
नमस्कार. सगळं वाचलं. सासूबाईंचं मागच्या आठवड्यात निदान झालंय. आता त्यांच्या नावाने अशी पॉलिसी निघेल का?

विम्यात १४ वर्षं :
नाही ताई, निदान झाल्यावर कॅन्सरची निघत नाही. कुणी "जुन्या तारखेने करून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. फुले योजनेत आजच बघा. तुमच्या मिस्टरांची ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर त्यात आई-वडील आहेत का ते एचआरला विचारा. ग्रुपमध्ये बऱ्याचदा जुने आजारही धरतात. आणि तुमची दोघांची मात्र काढून ठेवा, सासूबाईंचा आजार फॉर्ममध्ये लिहूनच.

देगाव नाका :
मिस्टर एमआयडीसीत आहेत, विचारते. मुंबईला पहिल्यांदाच चाललोय. मंगळवारी रात्रीची सिद्धेश्वर. छातीत धडधडतंय नुसतं.

रात्रपाळी :
फाइल एकच करा, तारखेप्रमाणे लावा. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, लॅबमध्ये असतो) घेतल्याशिवाय निघू नका, तिथं पहिल्यांदा तेच मागतात. आम्हाला त्यासाठी परत यावं लागलं होतं.

देगाव नाका :
ब्लॉक माहीत नव्हतं. उद्या लॅबमध्ये जाते.

शेंगाचटणी :
ताई, मंगळवारी मी स्टेशनवर येते. कडक भाकरी आणि दाण्याची चटणी देते, आठ दिवस टिकते. सासूबाईंना तिखट चालतं का?

देगाव नाका :
नाही चालत. बिनतिखटाची कराल?

शेंगाचटणी :
करते. गाडीच्या अर्धा तास आधी या. डबा नंबर कळवा.