४० थिन क्लायंट, २ जीबी रॅम: ग्नोम की एक्सएफसीई?

लॅब_नंबर_३:
मंडळी, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. ४० थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या भरवशावर चालणारी छोटी मशीन, प्रत्येकी २ जीबी रॅम, हार्डडिस्क नाही. सर्व्हर ३२ जीबीचा. यंदा विंडोजच्या लायसनला बजेटमध्ये कात्री लागली, म्हणून डेबियन १२ लिनक्सवर एलटीएसपी लावतोय, म्हणजे सगळी मशीन नेटवर्कवरून सर्व्हरच्या जोरावर सुरू होतील. बीसीएच्या मुलांना सी, पायथन, मायएसक्यूएल, लिबरऑफिस आणि ब्राउझर एवढंच लागतं. एचओडी मॅडमना डेस्कटॉप म्हणून ग्नोम हवंय, का तर दिसायला भारी. मी हलक्या एक्सएफसीईवर अडून बसलोय. कोणी वापरतंय का?

खटपट्या:
दादा, डेस्कटॉपचं नंतर बघू. प्रोग्राम चालणार कुठे ते आधी ठरवा. २०१९ मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिलं गेलं. त्यात इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत, येते सर्व्हरवरून, पण फायरफॉक्स चालतो क्लायंटच्याच रॅममध्ये. म्हणजे ३२ जीबी विसरा, हिशोब २ जीबीचा. ग्नोम आणि वर चार टॅब उघडले की मशीन बसलंच. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) मात्र चालू करा, बराच फरक पडतो.
सगळं सर्व्हरवरच चालवायचं तर एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो आहे, त्यात क्लायंटवर नुसता पडदा दिसतो. पण ३२ जीबी ४० जणांत वाटले तर माणशी ८०० एमबी, त्यातून सर्व्हरचं स्वतःचं वजा. शिवाय ग्राफिक कार्ड नसलं की ग्नोमचं सगळं चित्र प्रोसेसरलाच रंगवत बसावं लागतं.

चाव्या_माझ्याकडे:
मी लॅब असिस्टंट आहे, आमच्याकडे ३० मशीनवर एक्सएफसीई चालतं. तेच घ्या सर. पण मला डेस्कटॉपने कधी रडवलं नाही, रडवलं ते स्विचने, सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी जोडतो त्या डब्याने.
पहिल्या दिवशी साडेदहाच्या बॅचने एकदम बटणं दाबली आणि सगळे पडदे काळे. एक मशीन सुरू होताना ३०० एमबी ओढतं असं धरा, तर ३० मशीनचे ९ जीबी. गिगाबिट स्विचवर ते दीड मिनिटाचं काम. आमचा स्विच निघाला १०० एमबीपीएसचा, पाव तास गेला. तोवर अर्धी मुलं चहाला.
नवीन स्विच आला, मग दिवे गेले. सर्व्हर यूपीएसवर, क्लायंट इन्व्हर्टरवर, आणि स्विच? साध्या प्लगवर. माउस हलतोय, बाकी सगळं थिजलेलं. खरं तर स्विच परत चालू झाला की काम जिथल्या तिथे पुढे सरकतं, पण पोरांना दम कुठला! त्यांनी पॉवर बटणं दाबून ठेवली आणि प्रॅक्टिकल गेलं. प्राचार्यांनी मलाच बोलावून घेतलं, स्विचला कोण बोलावणार.
एक्सएफसीईचा एकच वैताग, मुलं खालची पट्टी उडवतात. "मॅडम, स्टार्ट गेला!" मी लॉगिनच्या वेळी पॅनेलची मूळ सेटिंग परत कॉपी करणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाकली. एपॉप्टिस पण टाका, कोण गेम खेळतंय ते जागेवरून दिसतं.

लॅब_नंबर_३:
स्विच उलटा करून पाहिला. मागे १०/१०० लिहिलंय, म्हणजे माझाही १०० एमबीपीएसचाच. 😐
अजून एक, ऑफिसमधल्या जुन्या नोटिसा कृतीदेव फॉन्टमध्ये आहेत. इथे उघडल्या तर नुसती एबीसीडी दिसते.

खटपट्या:
तो लिनक्सचा दोष नव्हे. कृतीदेव युनिकोड नाही, आत खरंच इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी चेहरा. फॉन्ट टाकलात तर दिसेल, पण शोधता येणार नाही. लागतील तेवढ्या नोटिसा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथेच घोळ होतो. पुढचं टायपिंग इन्स्क्रिप्ट कीबोर्डने, लेआउटच्या यादीतच मिळेल.

चाव्या_माझ्याकडे:
आणि मॅडमना आधी विचारून ठेवा, सी अजून टर्बो सी या जुन्या डॉसच्या प्रोग्राममध्येच घ्यायचंय का. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कळलं. रात्री डॉसबॉक्स (डॉसचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा) टाकून इमेज परत बनवत बसले होते.

लॅब_नंबर_३:
विचारलं. टर्बोच.